आडवा हात

आमच्या डोंबिवलीच्या चाळीत शेजारी एक कारकून राहत. लग्नामुंजीच्या पंगतीत जिलबी आली की ते मान खाली घालून शांतपणे म्हणत, "वाढा हो, पान रिकामं दिसतंय," आणि आडवा हात मारत. घरीसुद्धा तूपसाखरेशिवाय त्यांची पोळी घशाखाली उतरत नसे.

पुढे त्यांना उजव्या बरगडीखाली जड वाटू लागलं. गल्लीतल्या डॉक्टरांनी लिव्हर वाढलंय म्हटलं आणि चाळीत कुजबुज सुरू झाली. दारूबंदीचे दिवस, लिव्हर म्हटलं की माणूस चोरून पीत असणार. मलाही तसंच वाटलं. त्यांच्या बायकोने तर त्यांच्याशी बोलणं टाकलं.

शेवटी मी त्यांना ठाण्याच्या मोठ्या डॉक्टरांकडे नेलं. डॉक्टरांनी पोट दाबून पाहिलं आणि बराच वेळ फक्त खाण्याचं विचारलं. "न पिणाऱ्याच्याही लिव्हरवर चरबी चढते," ते म्हणाले. "गोड, तळलेलं कमी करा, रोज चाला. उतरेल."

बाहेर येताच कारकुनांनी माझा हात धरला. "घरी तुम्हीच सांगा. माझं तिला खरं वाटायचं नाही."

मी सांगितलं. माझी शंका मात्र सांगितली नाही.

वर्षभरात लिव्हर जागेवर आलं, पोटही उतरलं. मग एका मुंजीत वाढप्याने सवयीने चार जिलब्या उचलल्या. त्यांनी एकच घेतली.

"काय हो, आज आडवा हात नाही?" वाढप्याने विचारलं.

"हा काय," पानावर हात धरत ते म्हणाले, "आडवाच आहे."