जाफर मिस्त्रीची कसम

पंपाची जळालेली मोटार घेऊन कोणी घुग्घुसच्या बसस्टँडवर उतरलं, की पानठेलेवाला न विचारताच जाफर मिस्त्रीच्या दुकानाकडे बोट दाखवतो. सोबत फुकटचा सल्लाही देतो, त्याच्यासमोर ‘संघटना’ हा शब्द काढू नका. काढलात तर जाफर हातातली तांब्याची तार खाली ठेवतो आणि त्या दिवशी तुमची मोटार काही होत नाही.

हा राग उगाच नव्हता. एका सिमेंट कारखान्यात जाफरनं नऊ वर्षं मोटारींचं वाइंडिंग, म्हणजे नवी तार गुंडाळायचं काम केलं. दर महिन्याला संघटनेची पावती फाडली, दर मोर्च्यात झेंडा धरला. एक दिवस ते काम बाहेरच्या ठेकेदाराला गेलं आणि जाफरसकट अकरा जण गेटबाहेर आले. ठेकेदार कोण, तर संघटनेच्या अध्यक्षाचा सख्खा साळा! त्याच आठवड्यात चौकात अध्यक्षाच्या वाढदिवसाचा फ्लेक्स लागला आणि खाली शुभेच्छुकांच्या रांगेत जाफरचाही फोटो. असल्या माणसाला भर चौकात जोड्यानं हाणलं तरी कमीच.

दुधानं तोंड पोळलं की माणूस ताकही फुंकून पितो. जाफरनं तर ताकाचं भांडंच उपडं केलं.

दोन वर्षांपूर्वी त्याची मुलगी रूही ऑस्ट्रेलियाला गेली. नागपुरात आठ वर्षं एका कंपनीचं सॉफ्टवेअर सांभाळलेली पोरगी. कागदपत्रं तपासून, कुशल म्हणून त्या देशानंच तिला बोलावलं होतं. गेल्यावर पंधरा दिवसांत तिनं फोनवर विचारलं, "अब्बा, इथी कॉम्प्युटरवाल्यांची संघटना हाय. बाहेरून आलेल्यांनी मेंबर व्हा म्हणतात. होऊ का?"

"खबरदार!" जाफर ओरडला. "खाऊन जातीन तुले. माझी कसम हाय, त्या दारात पाय ठेवू नको."

पोरगी शिकलेली, पण बापाची कसम म्हणजे कसम. विषय तिथंच संपला. पुढं प्रत्येक फोनवर ती "काम मस्त चालू हाय" म्हणायची आणि जाफर ते गिऱ्हाइकांना छाती फुगवून सांगायचा.

परवा कोरपन्याला एका लग्नात सुट्टीवर आलेला नदीम भेटला. हा जाफरच्या बायकोचा, खैरुनचा भाचा. रूहीनंतर वर्षभरानं तिकडेच गेलेला, शिक्षणात आणि कामात तिच्याहून दोन पायऱ्या खाली. चांगली नोकरी लागल्याची मिठाई वाटत होता.

"मी गेल्या गेल्या मेंबर झालो, खाला," तो खैरुनला सांगू लागला. "दर महिन्याले त्यांच्या बैठकीत जाऊन बसलो. तिथल्या एका बुढ्याले माझं काम आवडलं, त्यानं आपल्या ऑफिसात माझ्यासाठी शब्द टाकला. नाईतर मीबी रूहीसारखा टमाट्याच्या पेट्या भरत राह्यलो असतो."

जाफरच्या हातातला घास हातातच राहिला. तळपायाची आग मस्तकात गेली. जेवण टाकून तो उठला. मोटारसायकलवर मागं खैरुन, पुढं कोळशाचे ट्रक, आणि घर येईपर्यंत याचं तोंड बंद नाही. "कुशल म्हणून बोलावतात आन टमाटे भराले लावतात? माणसाले काय येते ते पाहाले डोळे नाईत त्याईले? मेंबर व्हा, बैठकीत बसा, मंग ओळख देतो म्हणे! हे काय इमानदारी हाय?"

खोटं काय होतं त्यात? शब्दन् शब्द खरा होता.

घरी आल्यावर खैरुननं बुरखा काढून खुंटीला लावला. "झालं? आता मी बोलू?" ती म्हणाली. "तुम्ही सिरोंच्याहून इथी आले तवा तुम्हाले काम येत नव्हतं का?"

"येत नव्हतं? अख्ख्या घुग्घुसात माझ्यासारखं कोणाले येत नव्हतं!"

"मंग सहा महिने एकानंबी मोटार काऊन नाई देल्ली? अर्धं तेलगू, अर्धं उर्दू बोलत फिरत होते. देवाजी मेश्रामभाऊनं तुम्हाले आपल्या दुकानात समोर बसवलं. गिऱ्हाइकाले सांगे, हा आपला माणूस हाय, याच्या हातची जळली तर मले धरा. तवा चूल पेटली आपली. पोरीलेबी तिथी असा एक देवाजीभाऊ पाहिजे होता."

"तो माणूस होता! संघटना नव्हती!"

"माणूस भेटते कुठी? चार माणसं बसतात तिथीच ना? त्यात चोरबी असतीन. पण तुम्ही तिले पाहूबी नाई देल्लं."

जाफरनं पाण्याचा तांब्या भिंतीवर आपटला. बायकोचा राग आला, नदीमचा आला, त्या देशाचा आला. सगळ्यात जास्त स्वतःचा आला आणि तो कुठं आपटावा हे काही त्याला कळेना.

दुसऱ्या दिवशी दुपारी त्यानं दुकानातूनच फोन लावला. नमस्कार नाही, चमत्कार नाही. "रूही, मी कसम वापस घेतली. जा त्या संघटनेत."



"अब्बा, रागावू नका. मी मागच्या गुरुवारीच जाऊन आली."

एरवी जाफरनं आकाशपाताळ एक केलं असतं. आज त्यानं फक्त विचारलं, "काय म्हणे ते?"

"चांगले वाटले. एका बाईनं माझं जुनं काम पाहिलं. म्हणे, एवढं येते तर दोन वर्षं कुठी होती?"

"मंग तू काय सांगितलं?"

"सांगितलं, अब्बा लय बिमार होते."