आटवलेलं पाणी

गीझर बिघडला की कॉइलवाल्या काकांना बोलवायचं, हे त्या शहरात ठरलेलंच. काका यायचे, नळाच्या पाण्याला दोन शिव्या हासडायचे आणि गीझर उघडून कॉइल बाहेर ओढायचे. कॉइल कसली, पांढरा दगडच तो! आत लोखंड आहे की नाही अशी शंका यावी, इतका क्षारांचा थर. शहराभोवती चहूकडे शेतं, नळाला पाणी विहिरींचं, आणि ते एवढं जड की साबणाला फेस येईना, धुतलेलं भांडंही पांढरटच दिसायचं.

लोक कुरकुरायचे आणि काका त्यांना आपलं शास्त्र ऐकवायचे. जे वाईट आहे ते बुडाशी बसतं, म्हणजे पाण्यातून गेलंच की नाही? मग उकळा, चांगलं निम्मं होईपर्यंत आटवा. घरात तान्हं बाळ दिसलं तर हे दोनदा सांगितल्याशिवाय त्यांचा पाय उंबरठ्याबाहेर पडायचा नाही. फुकटचे सल्ले देणारे आपण पैशाला पासरी पाहतो, पण इतक्या मायेनं देणारा विरळाच. लोकही ऐकायचे. रोज क्षार खरवडणाऱ्या माणसाला पाण्यातलं कळणार नाही तर कुणाला कळणार?

काकांची बायको जाऊन बरीच वर्षं झाली होती. जावई दूर कामाला, म्हणून मुलगी बापाकडेच राहायची. बाळंतपणानंतर तिला ताप आला, अंगावरचं दूध गेलं आणि नात बाटलीवर वाढू लागली. दुधाच्या पावडरीत घालायचं पाणी काकांनी आपल्याकडे घेतलं, त्यात मुलीलाही हात लावू द्यायचे नाहीत. ती चेष्टा करायची, बाबा, पाणी उकळताय की पाक करताय? मग काका पातेल्याचं पांढरं बूड तिच्या नाकासमोर धरायचे आणि म्हणायचे, हे सगळं तुझ्या लेकीच्या पोटात गेलं असतं.

पुढे नातीचा रंग उतरू लागला. आधी वाटलं, खोलीत उजेड कमी आहे. मग ओठांच्या कडा निळसर झाल्या, नखंही. पोर रडेनाशी झाली, नुसती पडून राहायची. अरे देवा, काकांना काय सुचावं? पाणी अजून नीट स्वच्छ होत नाही असं त्यांनी धरलं आणि ते आणखी आटवलं.

एका सकाळी बाटली तोंडाला लावली तर पोरीची मान लुळी पडली. बापलेक तिला घेऊन दवाखान्यात धावले. सुईतून आलेलं रक्त तपकिरी होतं. डॉक्टरीणबाईंनी पहिला प्रश्न पाण्याचा विचारला, आणि काकांनी जरा ताठ होऊनच सांगितलं, निम्मं आटवल्याशिवाय थेंब देत नाही. मुलीला बाळाजवळ बसवून बाईंनी काकांना बाहेर घेतलं.

"काका, उकळल्यानं जंतू मरतात, थोडे क्षारही खाली बसतात. पण शेतातलं खत झिरपून विहिरीत उतरतं ना, त्यातलं नायट्रेट बसत नाही. पाण्याची वाफ होते, ते मागेच राहतं. तुम्ही पाणी निम्मं केलंत, म्हणजे ते दुप्पट केलंत."

मोठ्यांना त्यानं सहसा काही होत नाही, त्या म्हणाल्या, पण एवढ्याशा बाळाच्या रक्ताला मग प्राणवायूच वाहून नेता येत नाही. आवाज अगदी मऊ होता. त्या रागावल्या असत्या तर काकांना बरं वाटलं असतं.

औषध लागू पडलं. संध्याकाळपर्यंत नातीचे ओठ गुलाबी झाले, ती भुकेनं रडली. बाहेरचं बोलणं मुलीनं ऐकलं नव्हतं. काकांना गप्प राहता आलं असतं. पण त्यांनीच तिला सगळं सांगून टाकलं, मान खाली घालून. तिनं बाळाचं पांघरूण सारखं केलं.

"बाबा, हे तुम्ही आणखी कुणाकुणाला सांगितलंय?"

कुणाला सांगितलं नव्हतं?

दुसऱ्या दिवशी हत्यारांची पिशवी घरीच ठेवून ते दारोदार फिरू लागले. तान्ह्यांना नळाचं पाणी देऊ नका, उकळूनही नको, दुसरं आणा. काहींनी मनावर घेतलं. काही हसले, काका, एकदा काय ते ठरवा! कुठे पोरं मोठी होऊन अंगणात दंगा करत होती. तिथे काकांचा जीव भांड्यात पडायचा.

अशा फिरतीत ते शिवणकाम करणाऱ्या बाईच्या घरी आले. तिचा गीझर दुरुस्त केला तेव्हा मांडीवर बाटली पिणारी मुलगी होती. आता ती चालत असेल या हिशेबानं काकांनी हसत विचारलं, छोट्या बाईसाहेब कुठे आहेत?

बाईनं मशीन थांबवलं. मुलगी गेली, म्हणाली. निळी पडत पडत गेली, हृदय कमजोर असेल म्हणाले सगळे. काकांचा चेहरा बघून तिनंच त्यांना खुर्ची दिली, वर त्यांचीच समजूत घालू लागली.

"वाईट वाटून घेऊ नका, काका. आमच्याकडून काही कमी पडलं नाही. तुम्ही सांगितलंत तेव्हापासून आटवल्याशिवाय एकदाही पाणी दिलं नाही तिला." मग पोटावर हात ठेवून ती हळूच म्हणाली, "आता पुन्हा दिवस गेलेत. या खेपेला आणखी आटवीन."

ती एवढ्यावर थांबली असती तर काका कदाचित तसेच उठून गेले असते. आता जाता येणार नव्हतं. त्यांनी खुर्ची सोडली, तिच्यासमोर जमिनीवर बसले आणि पहिल्यापासून सगळं सांगितलं.

तिनं शेवटपर्यंत ऐकून घेतलं. मग विचारलं, "म्हणजे माझ्याच हातानं पाजलं मी तिला?"

"तू नाही गं, मी," काका म्हणाले. पुन्हा पुन्हा म्हणत राहिले, पण ती आपल्या हातांकडे बघत होती आणि तिला ते ऐकू जात नव्हतं.