उजव्या इंजिनाची वही

वायुदलात मी वीस वर्षं विमानांची इंजिनं सांभाळली आणि निवृत्त होऊन दिग्रसजवळच्या आमच्या तांड्यावर परतलो. तूर-सोयाबीन करावं, बस्स, एवढाच विचार होता. तर शाळेत माझ्या बाकावर बसणारा मित्र, आता कापसाच्या दोन जिनिंग गिरण्यांचा मालक, एका सकाळी अंगणात येऊन उभा राहिला.

"इमान घेऊन राह्यलो. जुनं हाय, छोटं हाय, पण जेट हाय. राजकोटले जायाचं तं अर्धा दिवस नागपूर गाठण्यातच जाते, अन् धावपट्टी तं आपल्या जिल्ह्यातबी हाय. तू चाल, पाहून सांग."

विमान समुद्रकाठच्या एका शहरात होतं. मित्र थेट आत जाऊन पांढऱ्या चामड्याच्या खुर्चीत बसला. मी विमान विकणाऱ्या दलालाकडे वह्या मागितल्या. प्रत्येक इंजिनाची वेगळी वही असते. किती तास चाललं, कोणता भाग कधी बदलला, सगळं तिच्यात. डाव्या इंजिनाची वही पूर्ण होती. उजव्याच्या वहीत तीन वर्षांची पानंच नव्हती.

"ऑफिस बदललं तेव्हा गहाळ झाली," दलाल म्हणाला. "पण इंजिन चालू आहे ना, सर!"

नळीचा कॅमेरा घालून इंजिन आतून बघू द्या म्हटलं, तर म्हणे आधी करार करा. मग त्यानं आम्हाला एक चक्कर मारून आणली. मित्र खिडकीला कपाळ लावून लहान पोरासारखा खाली बघत होता. आवाजात काही खोट नव्हती. त्याचाच मला जास्त राग आला, कारण आता माझं कोण ऐकणार?

"घेऊ नको," मी उतरल्या उतरल्या म्हटलं.

"तू खोट काढायलेच आलता काय?"

"मंग कायले आणलं मले?"

 घरी येऊन मी विमान का घेऊ नये ते दोन पानं लिहून दिलं, मराठीत, सोप्या शब्दांत. त्यानं ती घडी करून खिशात ठेवली. आठवड्यानं तांड्यावर विमान घेतल्याचे पेढे आले.

पुढे विमान नावावर करायची वेळ आली आणि सरकारी तपासनिसानं उजव्या वहीतली ती गहाळ पानंच मागितली. नोंद नाही म्हणजे इंजिन पूर्ण खोलायचं. दहा महिने विमान हँगरमध्ये आणि मित्र मोटारीनं नागपूरला. दर दोन दिवसांनी त्याचा फोन.

"तुले मालूम होतं, तं मले अडवलं काहून नाही?"

पहिल्यांदा मी ओरडलो. नंतर नंतर फोन कानापासून लांब धरून म्हशीला पाणी दाखवत राहायचो.

शेवटी इंजिन खोललं तेव्हा तो मला ओढूनच घेऊन गेला. कारखान्यातल्या मिस्त्रीनं टेबलावर इंजिनातली पाती मांडून ठेवली होती. दोन पात्यांच्या कडा उंदरानं कुरतडल्यासारख्या झालेल्या. मित्रानं एक पातं उचललं, बोट फिरवलं.

"हे घेऊन आपण उडलतो?"

"हो."

त्यानं पातं हळूच टेबलावर परत ठेवलं. बोट रुमालाला पुसलं. मला वाटलं, आता तरी हा विकून मोकळा होईल. एवढ्यात तो मिस्त्रीकडे वळला.

"भाऊ, मंग दिवाळीपर्यंत इमान उडन ना?"

मी बाहेर जाऊन उभा राहिलो.