दोनदा ऐका

वॉटर्लूत आमच्या घराजवळ जुन्या वस्तूंचं दुकान आहे. तिथे दर मंगळवारी एक उंच, पिकल्या मिशांचा गोरा म्हातारा दिसायचा. रेकॉर्डच्या खोक्यांत एकच अल्बम शोधायचा. मिळाला की इकडेतिकडे बघून कव्हरात चिठ्ठी सारायचा आणि परत ठेवून द्यायचा. आता मी कसली गप्प बसतेय! विचारलंच, "काय हो, काय लपवताय?"

बिचारा कानापर्यंत लाल झाला. म्हणाला, "हा इंग्लंडचा रॉक बँड. तरुणपणी मी इथल्या पेपरात नव्या अल्बमवर लिहायचो. हा अल्बम एकदाच ऐकला आणि 'यात जीव नाही' असं ठोकून दिलं. नंतर ऐकत गेलो, तसा आवडत गेला. माझं वाचून कितीजणांनी घेतलाच नसेल, कोण जाणे! पेपर केव्हाच बंद पडला. आता माफी छापू कुठे?"

चिठ्ठीत एवढंच होतं, 'मी चुकलो. दोनदा ऐका.'

त्या संध्याकाळी सुनेनं पास्ता केला होता. नेहमीसारखं पहिल्याच घासाला मी तोंड उघडलं, "अगं, यात..."

ती चमचा हातात धरून माझ्याकडे बघत उभी होती. मी मुकाट्यानं दुसरा घास घेतला.