कठड्यापाशी शेवटची

माझ्या कामाला आमच्याकडे धड नाव नाही. कागदावर 'चर्चसेविका' लिहितात, मंडळी 'चावीवाल्या मावशी' म्हणतात. रविवारी सहाला कुलूप काढायचं, बाकं पुसायची, फळ्यावर गीतांचे नंबर लावायचे, घंटा द्यायची आणि उपासना संपेपर्यंत दाराशी उभं राहायचं. आधी हे काम माझे मिस्टर करायचे. ते गेल्यावर कमिटीने विचारलं, मी हो म्हटलं. घरी बसून काय करणार होते?

महिन्याच्या पहिल्या रविवारी प्रभुभोजन असतं. लोक वेदीपुढच्या कठड्यापाशी ओळीने गुडघे टेकतात. पाळकसाहेब एकेकाला भाकरीचा तुकडा आणि प्याल्यातला द्राक्षरस देतात. दाराशी असणारा माणूस सगळ्यांच्या शेवटी जातो, कारण उशिरा येणाऱ्यांना आत घ्यायचं काम त्याचं. घोटीहून एसटीने येणारे एक आजोबा हमखास उशिरा पोचतात. सगळ्यांचं झालं की उरलेलं पाळकांनी तिथेच संपवायचं, शिल्लक ठेवायचं नाही, अशी रीत आहे.

गेल्या वर्षी मी हे काम हाती घेतलं आणि त्याच महिन्यात नवे पाळक आले. वयाने माझ्या भाच्याएवढे. पहिल्याच प्रभुभोजनाला मी आजोबांना हाताला धरून कठड्यापाशी नेलं, परत आणून बाकावर बसवलं आणि वळून बघते तर साहेबांनी प्याला रिकामा करून, पुसून, वर पांढरं वस्त्र घातलेलं. मी राहिले होते. नवीन आहेत म्हणून सोडून दिलं. पुढच्या महिन्यात तेच. तिसऱ्याही महिन्यात तेच.

मनुका उकळून तो रस आदल्या दिवशी मीच गाळते, माझ्याच पातेल्यात. पण गाळताना चाखणं म्हणजे प्रभुभोजन नव्हे. ते असंच चुकत राहिलं तर मी मंडळीतली कुणी नाही, नुसती कुलूप लावणारी बाई, एवढं मला कळत होतं.

आवराआवर करताना एका बाईंजवळ बोलले. "मावशी, तुम्ही तर बारा महिने देवाच्या घरात! तुम्हाला कशाला वेगळा वाटा?" असं म्हणून त्या हसल्या आणि घरच्यांबरोबर रिक्षात बसून गेल्या. मी खिडक्या लावल्या.

सोमवारी साहेबांना गाठलं.

"साहेब, तीन महिने मला प्रभुभोजन मिळालेलं नाही."

"अहो, मला वाटलं तुम्ही घेत नाही."

"का नाही घेणार?"

"मग सांगायचं ना, मावशी!"

"सांगतेच आहे."

ते ओशाळले. चूक कबूल केली, विषय संपला.

पुढच्या पहिल्या रविवारी सगळे कठड्यापासून परतल्यावर साहेब प्याला हातात धरून थांबले आणि मोठ्याने म्हणाले, "कुणी राहिलंय का?" साठेक माना माझ्याकडे वळल्या. मला जागेवरून हलवेना. मागच्या बाकावरून घोटीचे आजोबा म्हणाले, "जा बाई, मी हाय दाराशी."

गेले. दारापासून कठड्यापर्यंत रोज झाडते मी, पण ते अंतर एवढं असेल असं कधी वाटलं नव्हतं. आठ माणसं मावतात त्या कठड्याशी मी एकटीनेच गुडघे टेकले. उजवीकडे कुणी नाही, डावीकडे कुणी नाही. भाकर घेतली, प्याल्याला ओठ लावले.

आमचे मिस्टर अठरा वर्षं असेच एकटे टेकत असणार. मी तेव्हा तिसऱ्या बाकावर पुढचं गीत शोधत पुस्तकाची पानं चाळत असायचे. एकदाही मान वर करून पाहिलं नाही. त्यांनीही घरी येऊन कधी काही सांगितलं नाही.

"मावशी," साहेब हळूच म्हणाले, "उठताय ना?"

"उठते," मी म्हटलं. पण लगेच उठले नाही.