विमान चुकलं नव्हतं

लग्नानंतर दुसऱ्याच वर्षी नवऱ्याला मस्कतला नोकरी लागली. मी कोपरखैरण्याच्या एका शाळेत शिकवत होते, तिथेच दोन खोल्यांत एकटी राहत होते. दर शुक्रवारी, त्याच्या सुट्टीच्या दिवशी, नाक्यावरच्या एसटीडी बूथवर त्याचा फोन यायचा. बूथचं काचेचं दार लावलं की माझा जीव गुदमरायचा. मी ते पायाने अर्धं उघडं धरून बोलायचे. रस्त्यावरच्या रिक्षांच्या आवाजात त्याचं निम्मं बोलणं बुडायचं.

दिवाळीच्या सुट्टीसाठी त्याने मला तिकडे बोलावलं. निघताना शेजारच्या काकूंनी हातावर दही घातलं. दीर ठाण्याहून टॅक्सी घेऊन आला आणि सहार विमानतळाच्या दारापर्यंत सोडून परत गेला.

विमानाकडे नेणाऱ्या बसचं दार बंद झालं आणि छातीत धडधडायला लागलं. हातांना मुंग्या आल्या. आता आपण इथेच मरणार, अशी खात्रीच झाली. बस थांबल्यावर बाकीचे शिडी चढून गेले. मी खालीच उभी.

"मॅडम, चला," शिडीपाशी उभा असलेला विमान कंपनीचा माणूस म्हणाला.

"मला नाही जायचं."

"तुमचं सामान आत गेलंय."

"काढा," मी म्हटलं. आवाज माझाच होता, पण ओळखू येत नव्हता.

सामान शोधून काढेपर्यंत विमान खोळंबलं. खिडक्यांतून माणसं माझ्याकडे बघत होती. मी विमानतळावरून दिराला फोन केला. तो म्हणाला, "वहिनी, लोक यासाठी तडफडतात. आता दादाला मी काय सांगू?"

घरी आले तेव्हा जिन्यात कोणी नव्हतं. कुलूप काढलं, आत गेले, कडी लावली. संध्याकाळी काकूंना सांगू म्हटलं. संध्याकाळी धीर झाला नाही, सकाळीही झाला नाही. मग मी घरात नसल्यासारखीच राहायला लागले. दिवा लावायचा नाही, रेडिओ नाही, नळसुद्धा बारीक सोडायचा. दूध बंद केलेलं, म्हणून कोरा चहा. पलीकडून चकल्या तळल्याचा वास यायचा. खाली मुलं फटाके वाजवायची आणि प्रत्येक आवाजाला मी दचकायचे.

लक्ष्मीपूजनाच्या संध्याकाळी दाराबाहेर बांगड्या वाजल्या. मी दाराला लागून उभी राहिले. काकूंचे यजमान विचारत होते, "तिथे कशाला पणती? घरात कोणी नाहीये."

"म्हणूनच लावतेय," काकू म्हणाल्या. "पोर परदेशी गेलीय. तिच्या दारात अंधार बरा दिसतो का?"

दाराच्या फटीखालून उजेडाची एक रेघ आत आली. मी तिच्याजवळ जमिनीवर बसून राहिले. तेवढं रडू मला विमानतळावरही आलं नव्हतं.

पाडवा झाल्यावर तांदूळ संपले आणि बाहेर पडावंच लागलं. जिन्यात काकू समोर आल्या.

"अगं, तू? गेली नाहीस?"

"विमान चुकलं."

त्यांनी माझ्या चेहऱ्याकडे पाहिलं, माझ्या दाराकडे पाहिलं. थोड्या वेळाने फराळाचं ताट आणून ठेवलं.

शुक्रवारी नवरा फोनवर म्हणाला, "लहान पोरं बसतात विमानात. तुला नक्की प्रॉब्लेम काय आहे?" तेच तर मला माहीत नव्हतं.

पुढे तसाच झटका वर्गात, फळ्यासमोर आला. ईसीजी नॉर्मल निघाला, म्हणून आमच्या डॉक्टरांनी वाशीच्या मानसोपचारतज्ज्ञांकडे पाठवलं. कोणी पाहील म्हणून डोक्यावर पदर घेऊन गेले. सगळं ऐकून ते म्हणाले, "हा चिंतेचा आजार आहे. विमान निमित्त. याने माणूस मरत नाही, पण मरतोय असं अगदी खरं वाटतं." पहिल्यांदाच कोणीतरी 'खरं' म्हणालं होतं.

गोळ्या दिल्या आणि सवय करायला सांगितली. आधी बूथचं दार लावून बोलायचं. "भीतीशी भांडू नका. ती चढते तशी उतरते. उतरेपर्यंत तिथून हलू नका." पहिल्या शुक्रवारी घामाने रिसीव्हर निसटत होता. नवरा पलीकडून पगारवाढीचं सांगत होता. मी दार लावलंय, हे त्याला सांगावंसं वाटलं, पण त्यात सांगण्यासारखं काय आहे, हे त्याला कसं समजवायचं?

मे महिन्यात पुन्हा विमानतळावर गेले. बसचं दार बंद झालं. शिडी चढले. पट्टा बांधला. विमान धावायला लागलं आणि भीती आली, पोटातून वर, घशापर्यंत. उठून ओरडावंसं वाटलं. शेजारचा माणूस तोंडावर रुमाल टाकून झोपला होता. मी खुर्चीचे हात धरून मनात म्हणत राहिले, चढ, किती चढायचं ते चढ. विमान वर जाऊन सरळ झालं, तरी ती उतरली नव्हती. मग केव्हातरी उतरली. परत एकदा आली, परत उतरली. कोणाला काही कळलं नाही. चहा आला, तो मी सगळा प्यायले.

मस्कतला नवरा ट्रॉली घेऊन उभा होता. हसून म्हणाला, "बघ, झालं का काही? उगाच घाबरत होतीस."

"नाही, काही नाही झालं," मी म्हटलं.

त्या आठवड्यात त्याचे मित्र जेवायला आले. तो त्यांना अभिमानाने सांगत होता, "हिची विमानाची भीती गेली एकदाची." कोणीतरी टाळ्या वाजवल्या. परतीचं तिकीट महिन्याभरावर होतं. मी भात वाढत होते. आमटी हवी का, असं मी सगळ्यांना विचारलं.