चिठ्ठीसर आणि चावडीची भिंत

चिठ्ठीसर गावात शिरले की आधी माणसं बघत नसत, भिंत बघत. जीपमधून उतरायचे, कमरेवर हात ठेवायचे आणि सपाट, कोरडी, स्वच्छ भिंत शोधत वस्तीभर हिंडायचे. म्हातारी माणसं रामराम घालायची, तो त्यांच्या कानावरून जायचा. भिंत सापडली की मात्र पोरीची सोयरीक जमलेल्या बापासारखा त्यांचा चेहरा उजळायचा. मग त्या भिंतीवर ते पिवळ्या, गुलाबी, हिरव्या चिठ्ठ्या चिकटवत. म्हणून आमच्या पोडात त्यांचं नाव चिठ्ठीसर पडलं. खरं नाव मला माहीत आहे, पण ते इथे लिहिणार नाही. त्यांच्याच उपकारावर मी आणि माझी मुलगी पुण्यात जगतो आहोत, आणि मी लिहिणार आहे ते काही आरतीसारखं नाही.

पोड म्हणजे कोलाम आदिवासींची वस्ती. आमचं पोड झरी जामणीकडच्या जंगलाला लागून आहे. तिथे चौथीपर्यंतची एका खोलीची शाळा होती. कमी पटाच्या शाळा बंद करून मुलं जवळच्या मोठ्या शाळेत घालायची, असं वरून ठरत आलं होतं. ही ‘जवळची’ शाळा नाल्यापलीकडे, मधे सागाचं जंगल, आणि जंगलात वाघ. चौथीनंतर मी घरी बसले ती याच नाल्यामुळे. माझी सोनी तेव्हा पहिलीत होती. तिचा बाप आदल्या साली तापानं गेला होता, आणि सोनीनं शिकावं एवढी एकच गोष्ट मी धरून बसले होते. सरांच्या संस्थेला काम मिळालं होतं ते लोकांचं म्हणणं ऐकून अहवाल देण्याचं. तो अहवाल बघून साहेब लोक शाळेचं काय ते ठरवणार होते.

मला लिहितावाचता येतं म्हणून सरांनी मला ‘गावदूत’ नेमलं. काम सोपं, घरोघरी जाऊन सभेचं सांगायचं. सरांनी आमच्यासाठी ‘लोकसंवाद आराखडा’ केला होता. त्यात गोल होते, बाण होते, आणि एका गोलात आम्ही होतो. आम्हाला ते ‘भागधारक’ म्हणत. नाईक, म्हणजे आमच्या पोडाचा प्रमुख, त्याने एकदा विचारलं, “सर, आमचा कशात भाग हाये म्हंता?” सर म्हणाले, “हा फार सुंदर प्रश्न आहे,” आणि हिरव्या चिठ्ठीवर लिहून घेतला. उत्तर काही दिलं नाही. प्रश्न सुंदर असला की त्याला उत्तर द्यावं लागत नाही, हे मी तेव्हा शिकले.

प्रत्येक सभेची सुरुवात ते एकाच वाक्यानं करत, “आपण फक्त ऐकायला आलोय.” मग तासभर बोलत. ऐकण्याचं महत्त्व काय, हेच बोलत. कापूस वेचायचा सोडून आलेली माणसं उकिडवी बसून ऐकत राहायची. पाहुण्याला मधे तोडायचं नाही, हे आमच्या हाडातच आहे. सर आमच्या गप्प बसण्याकडे कौतुकानं बघत आणि सोबत आलेल्या संस्थेतल्या पोरींना इंग्रजीत काहीतरी सांगत.

भिंतीचा घोळ झाला तो असा. मी म्हटलं, “सर, सभा शाळेत घ्या. शाळेचीच गोष्ट हाये.” सर शाळेत जाऊन आले आणि नाक मुरडून म्हणाले, “नाही हो रुखमाताई, त्या भिंतीवर बाराखडी रंगवलीय, मोर आहे, हत्ती आहे. चिठ्ठ्या उठून दिसणार नाहीत.” म्हणून त्यांनी चावडी निवडली. चावडीची भिंत पक्की, नुकतीच चुना लावलेली होती. पण आमच्या पोडात चावडीत बाया चढत नाहीत. जुनी रीत आहे. मी सरांना सांगितलं, एकदा नाही, जीपपाशी सांगितलं आणि चहा देताना पुन्हा सांगितलं. सर हसले. “रुखमाताई, बदल असाच घडतो. आपण वातावरण तयार करू, महिला आपोआप येतील.” वातावरण तयार करायला त्यांनी चावडीत तीन खुर्च्या मांडल्या आणि प्रत्येकीवर ‘महिला’ असा कागद लावला.

सभेच्या दिवशी त्या खुर्च्या शेवटपर्यंत तशाच राहिल्या. आम्ही सगळ्या जणी बाहेर मोहाच्या झाडाखाली उभ्या. लेकरांना हात धरून नाला ओलांडून नेणार कोण, तर आम्ही. ताप आला तर उचलून आणणार कोण, तर आम्ही. आणि आम्हाला आतलं निम्मंही ऐकू येत नव्हतं. नाईकानं मात्र नीट सांगितलं, “सर, पावसाळ्यात नाला लय येते. मांगच्या साली बैल वाहून गेलता. लेकरं कशी जातीन? आन् जंगलात वाघ फिरून राह्यला.” सर मान हलवत होते. मग त्यांनी गुलाबी चिठ्ठी घेतली, तिच्यावर झोकदार अक्षरात लिहिलं ‘दळणवळण’, आणि ती कोपऱ्यात चिकटवली. नाला, बैल, वाघ, लेकरं, सगळं त्या एका शब्दात बसवलं. नाईक त्या चिठ्ठीकडे बघत राहिला. त्याला वाचता येत नव्हतं, त्याला वाटलं सगळं लिहिलं असेल.

माझी जाऊ पारू हिला दम निघाला नाही. ती मोहाखालूनच ओरडली, “ओ चिठ्ठीवाले! आमच्या लेकरायले रोज नाल्यापल्याड कोन नेऊन सोडीन? तुमी येता का?” सगळं पोड हसलं. आत बसलेले पुरुषही हसले. सरही हसले, टाळ्या वाजवल्या आणि म्हणाले, “वा, काय ऊर्जा आहे!” पारूचा फोटो काढून घेतला. प्रश्न तेवढा राहिला.

अहवाल झाला तेव्हा त्यांनी मला तो हौसेनं वाचून दाखवला. महिलांसाठी स्वतंत्र आसनव्यवस्था केली होती, असं त्यात होतं. महिलांकडून कोणताही आक्षेप नोंदवला गेला नाही, असंही होतं. मी म्हटलं, “सर, बाया तर बाहेर होत्या. पारू तर ओरडली.” सर जरा विचारात पडले. मला वाटलं, आता खोडतील. ते म्हणाले, “बरोबर आहे तुमचं. ते घ्यायला हवं,” आणि खाली एक ओळ वाढवली, ‘परिघावरील महिलांचाही उत्स्फूर्त सहभाग लाभला.’

पुढच्या जूनमध्ये शाळा उघडली नाही.

आता दुसरी बाजू लिहिते, ती लिहिली नाही तर मला अन्न गोड लागणार नाही. शाळा बंद झाल्यावर सरांनीच मला पुण्याला आणलं. संस्थेच्या वसतिगृहाच्या स्वयंपाकघरात लावलं. सोनीच्या प्रवेशासाठी ते स्वतः मुख्याध्यापकांकडे जाऊन बसले. दाखला येत नव्हता, तर तहसीलला फोनवर फोन केले. सोनीला पहिला रेनकोट त्यांनीच आणला, आणि तो मापाचा होता. हा माणूस एका पोरीला रेनकोट आणू शकतो, तिच्या मापाचा, मग चावडीबाहेर उभ्या असलेल्या बाया त्याला का दिसू नयेत, हे मला आजपर्यंत उमगलं नाही. वाईट माणूस असता तर सोपं होतं. नुसती शिवी घालून मोकळी झाले असते.

पुण्यातही त्यांच्या सवयी त्याच. एकदा स्वयंपाकघरात आमच्याशी ‘संवाद’ केला. आम्ही म्हटलं, रविवारी संध्याकाळची तरी सुटी द्या. फ्रिजवर चिठ्ठी लागली, ‘कार्य-जीवन समतोल’. आम्ही रविवारी संध्याकाळी तिच्यासमोर पोळ्या लाटत राहिलो. बाहेरचे पाहुणे आले की सर मला हाक मारत. “या रुखमाताई. आमच्या लोकसंवादातून पुढे आलेल्या.” मी चहाचा ट्रे धरून उभी राहायची. पाहुणे कौतुकानं बघायचे. मीही हसायची, कारण नोकरी त्यांच्या हातात, सोनीची शाळा माझ्या नोकरीवर. भीती वाटली की मला हसूच येतं.

गेल्या महिन्यात सर पुणं सोडून गेले. शाळा बंद करायचं तेच धोरण, ऐकून अहवाल द्यायचं तेच काम, आता दुसऱ्या जिल्ह्यात. निरोपाला मी पुरणपोळी केली, मनापासून केली. गेटपाशी गाडीत बसल्यावर त्यांनी काच खाली घेतली आणि पुण्यातल्या दोन वर्षांत पहिल्यांदा विचारलं, “पोडातली मुलं रमली ना हो नव्या शाळेत?”

मी खिडकीशी वाकले. “सर, आमची सोनी तेवढी शिकून राह्यली. बाकीच्या पोरी घरीच हायेत.”

“अरे वा, सोनी!” सर म्हणाले. “छान, छान. शिकवा तिला.” काच वर गेली.

गाडी वळेपर्यंत मी हात हलवत उभी होते. हा माणूस नसता तर सोनीही आज त्या पोरींबरोबर बकऱ्यांमागे असती. आणि हा माणूस नसता तर कदाचित त्या सगळ्याच शाळेत असत्या.

संध्याकाळी पारूचा फोन आला. तिची पोरगी सोनीच्याच वयाची.

“गेला का व तो चिठ्ठीवाला?”

“गेला.”

“कुठी?”

“दुसऱ्या जिल्ह्यात. तिथल्या शाळायसाठी.”

पारू मग म्हणाली, “तिथल्या बायायले सांगनारं कोनी हाये का? म्हना, तो बाहेरच्यायचं लिवत नाही. चावडी असो का देऊळ, आत घुसा.”